एकशे बारानंतर एकशे चौदा

१

हॉस्पिटलात माणूस गेला की तिथले लोक दोन कामं करतात. आधी आवाज खाली आणतात आणि मग बळीचा बकरा शोधतात. या हॉस्पिटलात दुसरं काम पहिल्याच्या आधी उरकलं होतं.

गेलेले गृहस्थ निवृत्त मुख्याध्यापक. ताप आणि छातीत कफ एवढंच निमित्त, आठवड्यात घरी जायचे होते. त्यांना एका नेहमीच्या अँटिबायोटिकची जबरदस्त ॲलर्जी होती. बायकोनं दाखल करतानाच ते वॉर्डातल्या सिस्टरला सांगितलं आणि मग स्वतः कपडे आणायला घरी गेली. दुपारी मास्तरांना ग्लानीतच स्ट्रेचरवर घालून वरच्या मजल्यावर हलवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटरवर पाहिलं, ॲलर्जीचा रकाना कोरा होता, म्हणून नेमकं तेच इंजेक्शन दिलं. संध्याकाळच्या आत सगळं संपलं.

सिस्टर म्हणत होती, मी नोंद केली होती, स्क्रीनवर डोळ्यांनी पाहिली होती. कॉम्प्युटर म्हणत होता, नाही. अशा भांडणात माणसाची बाजू घेणारा अजून जन्माला यायचाय.

मला विमा कंपनीनं पाठवलं. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम वाचून त्यातली घाण वेचणं हा माझा धंदा. धंद्यात मला चाळणी म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण मला कळतं, आणि मला त्याचा रागही येत नाही. चाळणीत काय उरतं ते ज्यानं पाहिलंय, त्याला राग धरायला इतर बरंच काही असतं.

डायरेक्टरांच्या खोलीत गालिचा होता आणि भिंतीवर त्यांचेच सहा फोटो होते. त्यांनी मला चहा विचारला आणि मी नको म्हणायच्या आत विषय संपवायला घेतला. चौकशी तशी पूर्ण झालीय, म्हणाले. सिस्टर आज दुपारी समितीसमोर कबुलीजबाबावर सही करणार. मग तिचं लायसन्स जाईल, पोलीस निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवतील, आणि हॉस्पिटलचा त्यात काही संबंध उरणार नाही. मुख्याध्यापकांच्या पत्नीलाही बोलावलंय, त्यांनाही जरा बरं वाटेल.

"तुमचा रिपोर्ट त्याला धरून आला की झालं," ते म्हणाले.

"तिची सही होण्याआधी मी तिला भेटते," मी म्हटलं. डायरेक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. दुपारी सही होईपर्यंत एवढाच अवधी माझ्याकडे होता.

२

सिस्टर चाळिशीची, नखं बारीक कापलेली, आवाज कामापुरता. तिला बसायला दिलेली खोली औषधांच्या रिकाम्या खोक्यांची होती. चोवीस तास ज्या वॉर्डात राबली, तिथे तिला आता पाय ठेवायची बंदी होती.

मी सरळ विचारलं, नोंद केली होती का.

"केली होती असं वाटतं."

"वाटतं?"

"आधी खात्री होती. पण सगळेच नाही म्हणतात. काका म्हणाले, सिस्टर, दमलेल्या माणसाला जे करायचं असतं ते केलंच आहे असं आठवतं. तसंच झालं असेल बाई. आता मला माझंच खरं वाटत नाही."

मला या बाईचा राग आला. मग तिला या थराला आणणाऱ्यांचा आला, आणि तो अजून उतरलेला नाही. नोकरी गेली तर दुसरी मिळते. पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं खोटं वाटायला लागलं, तर ती बाई पुढे कुणाच्या हाताची नाडी कुठल्या भरवशावर धरणार?

काका म्हणजे कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. सगळं हॉस्पिटल त्यांना काका म्हणतं. माणूस फार मऊ, असं मला तिघांनी तीन वेळा सांगितलं होतं. लोण्याचीही एवढी जाहिरात होत नाही.

मी तिच्याकडून त्या सकाळचं एकेक काम वदवून घेतलं. नवी स्क्रीन त्याच महिन्यात आली होती. तिनं ॲलर्जी लिहिली, सेव्ह दाबलं, खालच्या यादीत मास्तरांचं नाव आलं. मग नेहमीप्रमाणे चिठ्ठी छापायची होती. इथल्या सिस्टर लोकांची पद्धतच तशी आहे: नोंद केली की लगेच लाल चिठ्ठी छापायची आणि पलंगाच्या पायथ्याशी चिकटवायची. एक झाल्याशिवाय दुसरं केलं असं त्या मानतच नाहीत. पण त्या दिवशी सकाळीच वॉर्डातला प्रिंटर बंद पडला होता, म्हणून तिनं लाल पेनानं हातानंच चिठ्ठी लिहिली. चिठ्ठी पलंगाला राहिली आणि मास्तर स्ट्रेचरवरून गेले.

समितीनं हीच चिठ्ठी तिच्या विरुद्ध वापरली होती. हातानं लिहिलं आणि कॉम्प्युटरमध्ये टाकायचं विसरली, बघा, पुरावाच आहे. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची तर निदान संन्यासी तरी नीट निवडावा.

जाता जाता मी वॉर्डात डोकावले. प्रिंटर झाकण उघडं टाकून पडला होता आणि दुसरी एक सिस्टर लाल पेनानं चिठ्ठी लिहीत होती. दुरुस्तीवाल्याला फोन केलाय, म्हणाली. माणूस मेला, चौकशी बसली, समिती नेमली, पण प्रिंटरकडे कुणी वळून पाहिलं नव्हतं. त्यांच्या त्या आळसानंच मला पहिला धागा दिला, तो कसा हे मला तासाभरानं कळलं.

३

या इमारतीत खोटं न बोलणारा एकच नोकर होता, तो म्हणजे डेटाबेस. त्याला क्वेरी पाठवा, म्हणजे नेमका प्रश्न किंवा नेमका हुकूम द्या, तो नेमकं उत्तर देतो. प्रोग्रॅमचं काम फक्त ती क्वेरी त्याच्यापर्यंत पोचवायची आणि उत्तर स्क्रीनवर मांडायचं. आता हमालच गाफील असेल तर मालाला दोष देऊन काय उपयोग.

मी कॉम्प्युटर विभागात एक रिकामी खुर्ची धरली आणि ॲलर्जीच्या सगळ्या नोंदी मागवल्या. प्रत्येक नोंदीला डेटाबेस स्वतःहून क्रमांक देतो. दवाखान्यात टोकन देतात तसंच ते. एकदा दिलेलं टोकन परत दुसऱ्याला मिळत नाही, मग पेशंट कंटाळून निघून गेला तरी.

त्या दिवसाच्या नोंदी अशा होत्या: एकशे अकरा, एकशे बारा, एकशे चौदा, एकशे पंधरा. एकशे तेरा नव्हता.

मधला हा एकच क्रमांक सबंध यादीत गायब होता. याचा अर्थ कुणीतरी त्या सकाळी टोकन घेतलं होतं. सिस्टर विसरली नव्हती. समितीत डॉक्टर होते, वकील होते, एक निवृत्त न्यायाधीश होते, आणि बारानंतर चौदा येत नाही हे त्यातल्या एकालाही दिसलं नव्हतं. बालवाडीतल्या पोराला दिसलं असतं.

मग नोंद खोडली का कुणी? मला आधी तोच संशय आला. पण खोडलेल्या प्रत्येक नोंदीची खूण डेटाबेस वेगळी ठेवतो आणि तिची प्रत रोज आमच्या विमा कंपनीकडे जाते. ती मी पाहिली. त्या दिवशी कुणी काहीही खोडलं नव्हतं.

नोंद आली होती, खोडली गेली नव्हती, आणि तरीही नव्हती. भुताटकी म्हणावं असं हे प्रकरण होतं, आणि मी कितीतरी वर्षं या धंद्यात आहे, भूत म्हणून जे जे निघालं त्याला पगार चालू होता.

मी चिठ्ठीचा रकाना पाहिला. चिठ्ठी छापली की तिची वेळ नोंदीसमोर पडते. मास्तर गेले त्या दिवसापर्यंत प्रत्येक नोंदीसमोर ती वेळ होती, एकही अपवाद नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र काही नोंदी चिठ्ठीशिवायच्या होत्या, सगळ्या त्याच बंद प्रिंटरच्या वॉर्डातल्या. त्या न छापताही व्यवस्थित टिकल्या होत्या. प्रिंटर तोच, वॉर्ड तोच, पद्धत तीच. सिस्टरची नोंद विरली आणि दुसऱ्या दिवशीच्या टिकल्या.

मग मधल्या एका रात्रीत बदललं काय? मी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची चौकशी केली. लोक एकमेकांकडे बघून हसले आणि म्हणाले, जावईबापूंना भेटा.

४

जावईबापू म्हणजे डायरेक्टरांचे जावई. सासऱ्यानं दिलेल्या खोलीत, सासऱ्यानं दिलेल्या खुर्चीत, समोर दोन स्क्रीन लावून ते बसले होते. एकावर क्रिकेट चालू होतं.

त्यांनी मला अर्धा तास त्यांच्या प्रोग्रॅमचे रंग दाखवले. बटण दाबलं की कसं उजळतं, यादी कशी सरकन खाली येते, हे सगळं. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे ऐकून होते, त्या दिवशी त्यात बुडायची वेळ आली.

"क्वेरी पाठवल्यावर पुढे तुमचा प्रोग्रॅम काय करतो?" मी विचारलं.

"पुढे काय करायचं? पाठवली की गेली. सिंपल."

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. माणूस खोटं बोलत नव्हता. खोटं बोलायला आधी खरं ठाऊक असावं लागतं.

चिठ्ठी छापायचा भागही तुम्हीच लिहिलात का, असं विचारलं तर म्हणाले, तो काकांच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये आयता होता, तसाच उचलून लावला. नंतर काही बदल केलात? यावर ते दुखावले. माझं काम एकदा झालं की परत हात लावावा लागत नाही, म्हणाले, आणि खात्री पटावी म्हणून लॅपटॉपवरची मूळ प्रत स्वतःहून मला काढून दिली. हात दाखवून अवलक्षण, पण माझी सोय झाली.

मी ती प्रत घेऊन सर्व्हरवरच्या चालू प्रतीशेजारी मांडली आणि वरून खाली वाचत गेले. दोन्ही प्रती शब्दशः सारख्या होत्या. फक्त एका ठिकाणी, सेव्हच्या क्वेरीखाली, चालू प्रतीत एक ओळ जास्त होती.

५

काकांनी मला स्वतः उठून खुर्ची दिली, पाणी दिलं, पंख्याचा वेग विचारला. बोलणं इतकं हळू की पुढे वाकून ऐकावं लागे. मला असल्या माणसांची फार पूर्वीपासून शिसारी आहे.

सिस्टरबद्दल त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. गुणी बाई आहे, म्हणाले, घरी सासू अंथरुणाला खिळलेली, मुलगी शिकतेय. म्हणून मीच तिला वकील बघून दिला. मीच समजावलं की भांडत बसण्यापेक्षा चूक कबूल कर, शिक्षा कमी होईल. तुम्हीही जास्त ताणू नका बाई, तिचेच हाल वाढतील.

सर्व्हरचा पासवर्ड कुणाकुणाकडे असतो, असं मी विचारलं. माझ्याकडे आणि जावईबापूंकडे, तिसरा कुणी नाही, ते अभिमानानं म्हणाले. नवा प्रोग्रॅम चालू करण्याआधी तपासतं कोण? मीच, प्रत्येक ओळ वाचून, तशी सही असते माझी.

"हा वाचला होतात?"

काकांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. "वाचतोच आम्ही," ते म्हणाले.

दारावर शिपाई आला. समिती जमली होती, सिस्टरला आत घेतलं होतं, आणि कागद टेबलावर मांडला होता.

६

मी पोचले तेव्हा सिस्टरच्या हातात पेन होतं. जावईबापू सासऱ्याशेजारी बसले होते आणि काका माझ्या मागोमाग आत आले. मी ते काढून घेतलं आणि मधे एक प्रयोग दाखवते म्हटलं. डायरेक्टर काही बोलणार होते, पण विमा कंपनीची माणसं रागावलेली त्यांना परवडत नव्हती.

एका कॉम्प्युटरवर मी जावईबापूंची मूळ प्रत चालू केली आणि सिस्टरला म्हटलं, त्या सकाळी केलंत तसंच करा. तिनं एका खोट्या पेशंटची ॲलर्जी लिहिली, सेव्ह दाबलं. यादीत नाव आलं. सगळ्यांनी पाहिलं. मग मी शेजारच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर तोच पेशंट काढायला न्यायाधीशांना सांगितलं. त्यांच्यासमोर रकाना कोरा होता. त्यांनी दोनदा चष्मा सारखा केला, तरी कोराच राहिला.

"आता तुमची खिडकी बंद करून उघडा, सिस्टर."

तिनं उघडली. नाव तिच्याही यादीतून गेलं होतं.

मी त्यांना लहान मुलांना सांगावं तसं सांगितलं, कारण त्याहून मोठं समजेल अशी आशा नव्हती. प्रोग्रॅम क्वेरी पाठवतो तेव्हा डेटाबेस ती आधी पेन्सिलीनं लिहून ठेवतो. प्रोग्रॅमनं 'आता कायम कर' असं म्हटलं, त्याला कमिट म्हणतात, की मग शाई फिरवतो. तोवर ती पेन्सिल फक्त लिहिणाऱ्यालाच दिसते, वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरला दिसत नाही. कमिट न म्हणता खिडकी बंद केली की डेटाबेस सगळं पुसून टाकतो. टोकनचा क्रमांक तेवढा वाया जातो.

जावईबापूंच्या प्रोग्रॅमला पाठवणं माहीत होतं, कमिट माहीत नव्हतं. मग इतके दिवस नोंदी टिकल्या कशा? चिठ्ठीमुळे. छापायचा भाग काकांच्या जुन्या प्रोग्रॅममधून आला होता, त्यात कमिट होतं, आणि त्याच्यासोबत आधीची पेन्सिलही शाईची होऊन जायची. आंधळं दळत होतं आणि योगायोगानं पीठ खाली पडत होतं. प्रिंटर बंद पडला त्या सकाळी योगायोग संपला.

"खोटं आहे," जावईबापू उभे राहिले. "सर्व्हरवरचा प्रोग्रॅम बघा. तिथे नीट चालतंय."

"चालतंय खरं," मी म्हटलं. "मास्तर गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. कुणीतरी त्यात कमिटची ओळ घातली. पासवर्ड दोघांकडे आहे. तुम्ही घातली का?"

"कसली ओळ?" जावईबापू म्हणाले.

त्या दोन शब्दांनी ते निर्दोष सुटले. त्यांच्या आयुष्यात अज्ञान पहिल्यांदाच कामी आलं असेल. खोलीतल्या सगळ्यांनी मग एकाच माणसाकडे पाहिलं.

७

काका रडले नाहीत. नेहमीच्या मऊ आवाजात सगळं सांगितलं. सिस्टर शपथेवर सांगत होती म्हणून त्याच संध्याकाळी त्यांनी प्रोग्रॅम उघडला आणि एका नजरेत चूक दिसली. चालू करण्याआधी त्यांनी तो वाचलाच नव्हता, डायरेक्टरांच्या जावयाचा म्हणून डोळे मिटून सही ठोकली होती. ती सही आता बाहेर येणार होती. म्हणून ओळ घातली आणि गप्प राहिले.

"दुरुस्त तर मीच केलं ना," ते म्हणाले. "पुढचे जीव वाचले."

हे ऐकून मात्र मला हसू आलं, आणि ते चांगलं हसू नव्हतं. ज्या संध्याकाळी या माणसानं प्रोग्रॅम दुरुस्त केला, त्यानंतरच तो सिस्टरकडे जाऊन सांगू लागला की तुझी स्मृती बिघडलीय. जावईबापू मूर्ख आहेत, आणि मूर्खपणाला जगात जागा करून द्यावीच लागते. काकांना सगळं येत होतं. नेमकं ठाऊक असून त्यांनी एका शहाण्या बाईचा तिच्याच डोळ्यांवरचा विश्वास उडवला, आणि वर वकील बघून दिल्याचे आभार घेतले. असल्या मऊ माणसापेक्षा मला तो बंद प्रिंटर जास्त आदरणीय वाटतो. तो निदान बंद पडल्याचं लपवत नव्हता.

डायरेक्टरांनी उठून हे सगळं आपसात मिटवता येईल का, असं काहीतरी सुरू केलं. मी सांगितलं की रिपोर्ट उद्या सकाळीच कंपनीकडे जाईल आणि तिथून पोलिसांकडे. ते बसले.

सिस्टर इतका वेळ त्या स्क्रीनकडे बघत होती. "म्हणजे मी लिहिलं होतं," ती म्हणाली. हो म्हटलं. तिनं आणखी एकदा विचारलं, मी आणखी एकदा हो म्हटलं. मग तिनं सहीचा कागद उचलून दोनदा घडी घातला आणि फाडला. तुकडे कुठे टाकायचे हे तिला कळेना, म्हणून खिशात ठेवले.

काका हात जोडून तिच्यासमोर आले. "सिस्टर, मनात ठेवू नका."

ती उठली. "काल मी मास्तरांच्या घरी गेले होते," ती म्हणाली. "त्यांच्या बायकोच्या पाया पडले. माझ्या हातून झालं, म्हटलं. त्यांनी मला उठवून जवळ बसवलं. म्हणाल्या, जा, मी तुला माफ केलं. ती माफी माझी नव्हती, काका. मी काही केलंच नव्हतं. त्या आता बाहेर बसल्यात. जा आणि तुमची तुम्ही मागा."

काकांनी डायरेक्टरांकडे पाहिलं, न्यायाधीशांकडे पाहिलं. कुणी मान वर केली नाही. ते गेले. दार उघडंच राहिलं, म्हणून आम्हाला सगळं दिसत होतं.

बाई बाकावर बसल्या होत्या, मांडीवर पिशवी. काका त्यांच्यासमोर वाकले आणि त्या सुप्रसिद्ध मऊ आवाजात बोलले. बाईंनी कानाला हात लावला. त्यांना कमी ऐकू येत होतं, हे मला ठाऊक नव्हतं आणि काकांनाही नसावं. काका पुन्हा बोलले. बाई म्हणाल्या, "काही कळत नाही हो. मोठ्यानं सांगा."

व्हरांड्यात पेशंटचे नातेवाईक होते, दोन शिपाई होते, औषधांची गाडी ढकलणारा वॉर्डबॉय होता. सगळे थांबून बघायला लागले. काकांनी एकदा मागे वळून आमच्याकडे पाहिलं. सिस्टर दारात उभी होती आणि ती बाजूला झाली नाही.

मग त्यांनी मोठ्यानं सांगितलं.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पिशवी हातात घेतली, काकांच्या बाजूनं वाट काढली आणि सिस्टरपाशी येऊन थांबल्या.

"तुला उगाच पाया पडायला लावलं ना गं यांनी," त्या म्हणाल्या. काकांना त्यांनी काहीच म्हटलं नाही, माफ केलं असंही नाही आणि नाही केलं असंही नाही.